जी.ए., सुनीताबाई आणि आमची अदलाबदल

आधीच कबूल करते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी विषय होता, पण पास होण्यापुरता. आर्वीला घरी सगळे मराठीच बोलतात, पण पुस्तक हातात घेतलं की प्रत्येक जोडाक्षराला माझी गाडी अडायची. अगदी आमच्या पुलगाव-आर्वी शकुंतलेसारखी! (ती छोटी गाडी मी फक्त ऐकली आहे, पाहिली नाही.) आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी मला पेपर वाचून दाखवायला सांगितलं. दुसऱ्याच बातमीला त्यांनी हसून पेपर बाजूला ठेवला. ते हसले, पण मला रडू आलं.

सेकंड इयरला रूम पार्टनर मिळाली ती बेळगावची. तिचं मराठी वाचन दांडगं, आणि माझं सगळं इंग्रजी. मग आम्ही एक करार केला. महिन्याला एक पुस्तक मी तिला द्यायचं, एक तिनं मला. नाही म्हणायचं नाही, आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं. तिनं आयुष्यात डिटेक्टिव्ह कादंबरी वाचली नव्हती, म्हणून मी तिला अगाथा ख्रिस्ती दिली. तिनं मला दिलं ‘पिंगळावेळ’. लेखक जी. ए. कुलकर्णी.

मी नाव ऐकलं होतं, बस्स. पूर्ण नाव गुरुनाथ आबाजी कुलकर्णी. वडिलांचं नाव आबाजी, हे कळल्यावर मला हसूच आलं, कारण आमच्याकडे वऱ्हाडात आबाजी म्हणजे आजोबा! जन्म १० जुलै १९२३ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. शिक्षण बेळगावात. घरातली जवळची माणसं फार लवकर गेली आणि ते दुःख त्यांच्या कथांमध्ये शेवटपर्यंत राहिलं. पुढे धारवाडच्या कॉलेजात सुमारे ३० वर्षं ते शिकवत होते, आणि विषय कोणता, तर इंग्रजी! दिवसभर इंग्रजी शिकवणारा माणूस घरी येऊन असं मराठी लिहीत होता, हे वाचून मला माझ्या कॉन्व्हेंटच्या सबबीची लाज वाटली.

लग्न केलं नाही. दोन मावसबहिणींबरोबर राहिले, त्या त्यांना बाबुआण्णा म्हणायच्या. सभा, सत्कार, व्याख्यानं यांपासून लांब. फोटोत बहुतेक वेळा काळा चष्मा. ‘निळासावळा’ १९५९ साली आलं, मग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तर त्यांनी पुरस्कार सरळ परत केला. आपण इंटर्नलच्या अर्ध्या मार्कासाठी सरांच्या केबिनबाहेर तासभर उभे राहतो!

पण मला सगळ्यात आवडली ती त्यांची मैत्री. लोकांना टाळणारा हा माणूस पत्रांत मात्र भरभरून बोलायचा. १९७० च्या दशकात सुनीताबाई देशपांडे, म्हणजे पु.लं.च्या पत्नी, आणि जी.ए. यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ते धारवाडला, त्या दूर पु.लं.च्या गजबजलेल्या घरात. भेटी अगदी मोजक्या. पत्रांतून चालायची ती पुस्तकं, कविता, वाचलेलं, न पटलेलं. दोघांचा स्वभाव वेगळा, मतं वेगळी, आणि दोघंही उगाच गोड बोलणाऱ्यातले नव्हते. सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी.ए.’ या नावानं २००३ मध्ये पुस्तकरूपात आली. जी.एं.च्या निवडक पत्रांचा तर पहिला खंडच सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे. आमच्या कराराची खरी मोठी आवृत्ती हीच, असं मी पार्टनरला म्हटलं, तर ती म्हणाली की त्यांना वायवा नव्हती.

आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्यायचं, ही त्यांची सवयच असावी. कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या : ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. घनदाट जंगल तोडून वस्ती करणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. यातल्या तिसऱ्या कादंबरीला अमेरिकेत १९५१ चं पुलित्झर मिळालं होतं. स्वतः लिहितानाही ते एका जागी थांबले नाहीत. घराघरातल्या दुःखाच्या कथा लिहिता लिहिता ‘रमलखुणा’मध्ये एकदम अनोळखी, रूपकांच्या प्रदेशात शिरले, आणि १९८६ मध्ये ‘बखर बिम्मची’सारखं लहान मुलाच्या जगाचं पुस्तक दिलं. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९८७ ला, पुण्यात ते गेले.

तर ‘पिंगळावेळ’. त्यात ‘ऑर्फियस’ नावाची कथा दिसली आणि मला हायसं वाटलं, ग्रीक गोष्ट तर शाळेत वाचली होती! पण पुढे ‘स्वामी’ आली. एका माणसाला मठात नेतात आणि तो तिथून बाहेर येतच नाही. रात्री दीड वाजता, सबमिशनच्या आदल्या दिवशी, मी ती वाचली आणि पार्टनरला उठवून लाईट लावून ठेवायला लावला. खरं सांगायचं तर सगळं कळलं नाही. काही शब्दांसाठी तिला विचारावं लागलं, काही तिलाही आले नाहीत.

दिवाळीत पुस्तक घेऊन आर्वीला गेले. ‘कैरी’ निवडली, कारण अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमा केला आहे हे आबाजींना माहीत होतं. तीन दुपारी लागल्या. मी चुकले की ते डोळे मिटूनच शब्द दुरुस्त करायचे. तिसऱ्या दिवशी दुरुस्त्या थांबल्या. मला वाटलं झोपले, म्हणून मी वाचायची थांबले, तर त्यांनी हातानंच पुढे वाच अशी खूण केली.

पार्टनर आता दुसऱ्या होस्टेलला गेली आहे. तिच्याकडे माझ्या दोन ख्रिस्ती अडकल्यात, माझ्याकडे तिचं ‘रमलखुणा’. त्यातल्या ‘इस्किलार’ची निम्मी पानं अजून बाकी आहेत.