विश्लेषण : ओढ्याची तब्येत दगडाखाली कशी कळते? रेचल कार्सन यांनी काय दाखवून दिले?

पाणी नितळ दिसले की ओढा निरोगी, असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे, हे सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत अमेरिकी जीवशास्त्रज्ञ आणि लेखिका रेचल कार्सन यांचे नाव आघाडीवर आहे. त्यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकातील पक्ष्यांची चर्चा खूप झाली. नद्या-ओढ्यांवरचे प्रकरण मात्र तुलनेने मागे राहिले.

कोण होत्या रेचल कार्सन?

जन्म २७ मे १९०७, पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल गावी, अ‍ॅलेगेनी नदीच्या खोऱ्यात. लेखिका व्हायचे म्हणून त्या कॉलेजात गेल्या आणि तिथे जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९३५ मध्ये वडील गेले आणि घराचा भार त्यांच्यावर आला. सरकारी मत्स्य विभागात रेडिओसाठी संहिता लिहिण्यापासून सुरुवात करून त्या तिथल्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. १९५१ मध्ये आलेले ‘द सी अराउंड अस’ तुफान खपले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

मिरामिशी नदीत काय घडले?

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील मिरामिशी ही सॅल्मन माशांची नदी. कागदाच्या लगद्यासाठी लागणारी तिथली झाडे एका अळीने पोखरली होती. म्हणून जून १९५४ मध्ये जंगलावर विमानांतून डीडीटी फवारले गेले. प्रमाण होते एकरी अर्धा पौंड, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम. फवारणीतून ओढेही सुटले नाहीत. दोन दिवसांतच काठांवर मेलेले मासे दिसू लागले.

माशांबरोबर त्यांचे अन्नही गेले. खडे आणि पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या, खळाळत्या पाण्यात दगडाला घट्ट धरून राहणारी स्टोनफ्लायची पिल्ले, सगळीच नाहीशी झाली. त्यामुळे विषातून वाचलेल्या पिल्लांपुढे उपासमार होती.

नुकसान मोजता कसे आले?

कार्सन यांच्या मांडणीचे वजन इथे आहे. कॅनडाच्या मत्स्य संशोधन मंडळाचे शास्त्रज्ञ १९५० पासून दरवर्षी नदीच्या वायव्य शाखेतील मासे वयोगटानुसार मोजत होते. आधीची नोंद असल्यामुळे फवारणीनंतरचा फरक आकड्यांत मांडता आला. ऑगस्टपर्यंत त्या वसंतात जन्मलेले एकही सॅल्मन पिल्लू उरले नव्हते. १९५३ मध्ये जन्मलेल्यांपैकी सहात एक वाचले, तर १९५२ च्या पिढीतील एक तृतीयांश गेले.

पुढच्या वर्षी चिलटांसारखे बारीक कीटक परतले. वरवर पाहणाऱ्याला ओढा सावरला असेच वाटले असते. पण ते खाद्य अगदी लहान पिल्लांपुरते होते. दोन-तीन वर्षांच्या माशांना लागणारे मोठे कीटक अजून दुर्मीळच होते. म्हणजे ओढ्यात जीव आहेत का, एवढे पाहून भागत नाही. कोणते जीव आहेत आणि कोणते गायब आहेत, हे पाहावे लागते.

पुस्तकाचा परिणाम काय झाला?

‘सायलेंट स्प्रिंग’ सप्टेंबर १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९६० मध्ये, कार्सन यांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. उपचार सोसत त्यांनी पुस्तक पूर्ण केले. रसायन उद्योगाने टीकेची झोड उठवली. सगळीच कीटकनाशके बंद करा, अशी मात्र त्यांची मागणी नव्हती. परिणाम न तपासता केलेल्या सरसकट वापराला त्यांचा विरोध होता. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या म्हणण्याला मोठा आधार दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेने डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली ती १९७२ मध्ये.

आज ओढ्याची तपासणी कशी होते?

बाटलीत भरलेला नमुना त्या क्षणाचे पाणी सांगतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असू शकते. दगडाखालची अळी मात्र कित्येक महिने तिथेच राहते आणि प्रत्येक घाव सोसते. म्हणून प्रवाहात जाळी धरून तिच्या वरच्या अंगाची वाळू-दगड पायाने ढवळतात आणि जाळीत आलेले जीव कुळांनुसार ओळखतात.

ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात. घाण अजिबात न सोसणाऱ्या स्टोनफ्लाय आणि मेफ्लायच्या अनेक कुळांना १०, प्राणवायू कमी असतानाही तगणाऱ्या कायरोनोमिड अळ्यांना २ आणि गाळातल्या गांडुळवर्गीय कृमींना १. बेरीज जितकी मोठी, तितका ओढा निरोगी. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशाच गुणपद्धतीवर बेतलेले जैविक निकष आखले आहेत.

मात्र हे गुण एकदाच काढून पुरत नाही. मिरामिशीचे नुकसान सिद्ध झाले, कारण फवारणीच्या चार वर्षे आधीपासून कोणीतरी मोजत होते. गावच्या ओढ्याकाठी उद्या कारखाना किंवा वसाहत उभी राहणार असेल, तर त्यातले जीव आजच मोजलेले हवेत. नंतर काय हरवले, हे सांगायला दुसरा पुरावा उरत नाही.