मोहरी, कोबी आणि सलगम यांचे नाते सिद्ध करणारे डॉ. वू जांग-चून

कोबीच्या प्लॉटमध्ये मोहरीच्या ओळी लावा, ही शिफारस तुम्ही कृषी सहायकांकडून ऐकली असेल. कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्यायच्या. त्यातली एक कोबी लागवडीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो, तिथेच अंडी घालतो आणि तिथेच त्याचा बंदोबस्त करता येतो. मोहरीला तिखटपणा आणि कोबीला तो उग्र वास देणारी रसायने एकाच गटातली आहेत. पतंग त्यावरूनच आपले पीक ओळखतो. दोन्ही पिके एकमेकांची भावकी आहेत, हे त्या किडीला आपल्याआधी कळले होते.

माणसाला ही भावकी नेमकी कशी आहे ते कळायला १९३५ साल उजाडले. ते काम पूर्ण करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव वू जांग-चून. जपानी वाचनात हेच आडनाव 'उ' (रोमन लिपीत U) होते आणि त्यांचे शोधनिबंध नागाहारू यू या नावाने छापले गेले. म्हणून मोहरीच्या पैदासकारांच्या तोंडी आजही 'यूचा त्रिकोण' हा शब्द आहे. कोरियात मात्र त्यांची ओळख वेगळी आहे. तिथे ते किमचीच्या कोबीचे आणि मुळ्याचे बियाणे देशात तयार करणारे डॉक्टर आहेत.

दोन देशांच्या मध्ये वाढलेला मुलगा

वू यांचा जन्म ८ एप्रिल १८९८ रोजी टोकियोत झाला. वडील कोरियन, आई जपानी. वडील कोरियाच्या सैन्यात अधिकारी होते. १८९५ मध्ये कोरियाच्या राणीची हत्या झाली, त्या कटात त्यांचा हात होता आणि ते पळून जपानला आले होते. १९०३ मध्ये एका कोरियन माणसाने त्यांना गाठून ठार मारले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. घरात पैसा नव्हता, आई गरोदर होती. काही काळ या मुलाला एका मंदिराच्या अनाथाश्रमात ठेवावे लागले. जपानमध्ये तो कोरियन म्हणून हिणवला जाई आणि कोरियात त्याच्या बापाचे नाव काढण्यासारखे नव्हते. पुढे साठाव्या वर्षापर्यंत ही गाठ त्यांना सुटली नाही, हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

टोकियो विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी प्रात्यक्षिकावर भर असलेला अभ्यासक्रम घेतला. १९१९ मध्ये तो पूर्ण करून ते सरकारी कृषी संशोधन केंद्रात लागले. सुरुवातीला फुलझाडांवर काम केले, पेटुनियाच्या दुहेरी पाकळ्यांचा वारसा अभ्यासला. कामाची वाहवा होत होती, पण नोकरीतली श्रेणी वर्षानुवर्षे खालचीच राहिली. लग्नानंतर त्यांना सुनागा हे जपानी आडनाव मिळाले होते. तरीही शोधनिबंधावर त्यांनी 'यू' हे कोरियन आडनावच ठेवले.

मोजणी गुणसूत्रांची

आता त्रिकोणाकडे येऊ. हा भाग सावकाश वाचा, कारण बियाणे विकत घेताना किंवा घरचे बी धरताना याचा थेट उपयोग आहे.

पाने, फुले, शेंगा पाहून झाडांची वर्गवारी करायची ही जुनी रीत. मोहरीवर्गात ती फसते. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली दिसायला इतके वेगळे की कोणीही चार पिके म्हणेल. प्रत्यक्षात ती सगळी एकच जात आहे, ब्रॅसिका ओलेरेसिया. उलट तोरिया आणि मोहरी शेतात शेजारी उभी असली तर दुरून सारखी दिसतात, पण त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

पेशीतील गुणसूत्रे मोजली की चित्र स्वच्छ होते. सलगम, तोरिया, सरसों आणि चायनीज कोबी यांच्या जातीत (ब्रॅसिका रापा) २० गुणसूत्रे असतात. काळ्या मोहरीत (ब्रॅसिका नायग्रा) १६, कोबीत १८. या तीन मूळ जाती. त्यांच्या संचांना अनुक्रमे ए, बी आणि सी अशी नावे आहेत. आणखी तीन जातींचे आकडे मोठे येतात. आपल्याकडे फोडणीसाठी पिकते त्या मोहरीत म्हणजे राईत (ब्रॅसिका जुन्सिया) ३६, गोभी सरसोंत (ब्रॅसिका नेपस) ३८ आणि करण राईत (ब्रॅसिका कॅरिनाटा) ३४. बेरीज करून पाहा. २० आणि १६ मिळून ३६, २० आणि १८ मिळून ३८, १६ आणि १८ मिळून ३४.

नुसत्या बेरजेने काही सिद्ध होत नाही, योगायोगही असू शकतो. पराग तयार होताना गुणसूत्रे आपापल्या जोडीदाराशी जुळतात, हा त्यावरचा पुरावा. सलगमाचा आणि राईचा संकर केला तर रोपात २८ गुणसूत्रे येतात. त्यातल्या २० गुणसूत्रांच्या दहा जोड्या लागतात आणि आठ एकटी राहतात. याचा अर्थ सलगमाचा अख्खा संच राईच्या पोटात आहे. अशा संकरांची मालिका जपानमध्ये तोशितारो मोरिनागा यांनी आधीच केली होती आणि कोणत्या जातीत कोणते दोन संच आहेत ते मांडले होते. त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्रिकोणाला एकट्या यूंचे नाव पडले, हे थोडे अन्यायाचेच आहे.

यूंनी पुढची पायरी गाठली. निसर्गाने जे केले असे म्हणता, ते हाताने करून दाखवा. त्यांनी सलगमाच्या जातीचा कोबीच्या जातीशी संकर केला. असा संकर सहजी जुळत नाही. जुळला तरी रोपात दहा आणि नऊ अशी १९ गुणसूत्रे असतात, कोणालाच जोडीदार नाही, म्हणून रोप वांझ. पण गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊन ३८ झाली की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि बी धरते. यूंच्या हाती अशी झाडे आली. ती नेपसच होती. शेतात शेकडो वर्षे पिकणारी एक जात प्रयोगशाळेत तिच्या आई-बापांपासून पुन्हा तयार झाली होती.

१९३५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, १९३६ मध्ये त्यावर डॉक्टरेट मिळाली. नवीन जाती एका खोडाला फांद्या फुटाव्यात तशाच होतात, अशी बहुतेकांची समजूत होती. इथे दोन फांद्या पुन्हा एकत्र येऊन तिसरी झाली होती. २०१४ मध्ये नेपसची आणि २०१६ मध्ये राईची जनुकीय मांडणी वाचून झाली, तेव्हा त्रिकोण बरोबरच निघाला. एक दुरुस्ती मात्र सांगायला हवी. सलगम आणि कोबी एकमेकांच्या जितके जवळ आहेत तितकी काळी मोहरी त्यांच्या जवळ नाही. तिची शाखा वेगळी आहे आणि रानमोहरीच्या एका तणाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे, पण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नाव अजून ब्रॅसिकाच चालते.

तुमच्या शेतासाठी यातून काय घ्यायचे? कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल एकच जात असल्याने फुलोऱ्यात आले की त्यांचा आपसात सहज संकर होतो. म्हणून बीजोत्पादनात त्यांना एकमेकांपासून लांब ठेवावे लागते, प्रमाणित बियाण्यासाठी किमान १,००० मीटर. राई बहुतांशी स्वतःच्याच परागावर बी धरते, त्यामुळे घरचे बी बऱ्यापैकी शुद्ध राहते. तोरियाचे तसे नाही, त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि बी लवकर मिसळते. करण राईतला पांढऱ्या तांबेऱ्याला दाद न देणारा गुण राईत आणता येतो, कारण दोघींत बी हा संच सामाईक आहे. आणि फेरपालट करताना कोबीनंतर मोहरी किंवा मुळा घेतला तर ती फेरपालट नव्हे. कुळ तेच, रोगही तेच.

बियाण्याविना देश

१९३७ मध्ये यू सरकारी नोकरी सोडून क्योतोच्या ताकी बियाणे कंपनीत गेले आणि तिच्या नागाओका येथील संशोधन शेतीचे प्रमुख झाले. बियाणे बाजारात जाण्याजोगे कसे करायचे, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

१९४५ मध्ये कोरिया जपानच्या ताब्यातून सुटला आणि एक अडचण उभी राहिली. भाजीपाल्याचे बियाणे जपानहून येत असे, ते थांबले. किमचीसाठी लागणारा कोबी म्हणजे सलगमाच्याच जातीतला पानांचा प्रकार. तो परपरागीभवन होणारा. शेतकऱ्याने घरी बी धरले की दोन-तीन वर्षांत वाण बिघडतो. हिवाळाभर ज्या देशाचे जेवण कोबी आणि मुळ्याच्या किमचीवर चालते, तिथे ही साधी बाब नव्हती.

कोरियाने वू यांना बोलावले. मार्च १९५० मध्ये आई, पत्नी आणि सहा मुले जपानमध्ये ठेवून ते एकटे निघाले. वय ५१, कोरियन भाषा नीट येत नव्हती, आणि ज्या देशाने वडिलांना देशद्रोही ठरवले त्याच देशात जायचे होते. कुटुंबासाठी मिळालेले पैसे त्यांनी बियाणे आणि पुस्तकांवर खर्च केले, असे तिथे सांगतात. जूनमध्ये युद्ध पेटले. पुसान शहराजवळ डोंगने येथे त्यांचे केंद्र होते आणि पुसान शत्रूच्या हाती पडले नाही, म्हणून काम चालू राहिले. रबरी चपला घालून ते वाफ्यांत फिरत, त्यावरून त्यांना रबरी चपलांचे डॉक्टर असे नाव पडले. कोबी आणि मुळ्याच्या निवडी, बीजोत्पादन, डोंगराळ थंड भागात विषाणूमुक्त बटाटा बेणे, जेजू बेटावर संत्रावर्गीय फळे, असे काम वाढत गेले. बटाट्यासाठी थंड डोंगर का, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे मावा कमी, म्हणून विषाणू कमी.

एक गैरसमज इथे दूर करतो. बिनबियांचे कलिंगड त्यांनी शोधले, असे कोरियात पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. ते काम जपानच्या हितोशी किहारा यांचे. वू यांनी ते कोरियात पिकवून दाखवले, सुधारित बियाण्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून. प्रात्यक्षिक इतके गाजले की शोधही त्यांच्याच नावावर चढला.

१९५३ मध्ये जपानमध्ये त्यांची आई गेली. सरकारने त्यांना जाऊ दिले नाही, परत आले नाहीत तर, अशी भीती असावी. लोकांनी सांत्वनापोटी पैसे पाठवले. केंद्रात पाण्याची ओढ होती. त्या पैशांतून त्यांनी विहीर खोदली आणि तिला आईच्या दुधाचा झरा अशा अर्थाचे नाव दिले. डोंगनेला ती अजून दाखवतात.

ऑगस्ट १९५९ मध्ये पोटाच्या अल्सरने ते अंथरुणाला खिळले असताना कोरियाने त्यांना संस्कृती क्षेत्रातला सन्मान दिला. तीन दिवसांनी, १० ऑगस्टला, ते गेले. सुवॉन येथे कृषी संशोधन केंद्राजवळच्या टेकडीवर त्यांना पुरले. त्यांनी तयार केलेल्या शिष्यांनी पुढे कोबीचे पहिले कोरियन संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले.