व्यंकटेश बापूजी केतकर

व्यंकटेश बापूजी केतकर (१८ जानेवारी, इ.स. १८५४ - ३ ऑगस्ट, इ.स. १९३०) हे मराठी ज्योतिर्गणिती, ग्रंथकार व शिक्षक होते. पंचांगशोधनातील चित्रापक्षाचे पुरस्कर्ते म्हणून ते ओळखले जातात. नेपच्यूनपलीकडील ग्रहाविषयी त्यांनी इ.स. १९११मध्ये वर्तविलेले अंतर पुढे प्लूटोच्या अंतराशी बरेचसे जुळले, ही गोष्ट मात्र त्यामानाने अल्पपरिचित आहे.

जीवन व ग्रंथरचना

केतकरांचा जन्म नरगुंद (सध्या कर्नाटकातील गदग जिल्हा) येथे झाला. ते चार वर्षांचे असताना, इ.स. १८५८च्या उठावानंतर, भावे घराण्याचे नरगुंद संस्थान इंग्रजांनी खालसा केले. पुढे केतकर मुंबई इलाख्यात शिक्षक झाले व बागलकोट येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी भूषविले. त्यांचे ग्रंथलेखन ही नोकरी सांभाळून झालेले आहे.

ज्योतिर्गणित हा त्यांचा प्रमुख संस्कृत ग्रंथ. युरोपीय ज्योतिर्विदांनी निश्चित केलेली ग्रहगती भारतीय पंचांगकर्त्याला त्याच्या सवयीच्या पद्धतीने वापरता यावी, अशी त्याची मांडणी आहे. केतकी ग्रहगणित व वैजयंती हे ग्रंथही त्यांचेच.

राशिचक्राचा आरंभबिंदू रेवतीतील ताऱ्यापासून धरावा, असे केरो लक्ष्मण छत्रे व लोकमान्य टिळक यांचे मत होते. केतकरांनी तो चित्रा ताऱ्यासमोर १८० अंशांवर मानला. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. त्यामुळे संक्रांती चार दिवस मागेपुढे होतात आणि क्वचित अधिक मासही बदलून सणवार महिन्याने सरकतात. वाद केवळ विद्वानांपुरता नव्हता, तो घरोघरी पोहोचणारा होता. स्वातंत्र्योत्तर राष्ट्रीय पंचांगाने स्वीकारलेला अयनांश चित्रापक्षाला अनुसरणारा आहे.

नेपच्यूनपलीकडील ग्रह

युरेनसच्या गतीतील विचलनावरून, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या खुणेवरून, नेपच्यूनचे स्थान गणिताने काढून तो इ.स. १८४६मध्ये शोधण्यात आला होता. केतकरांची वाट निराळी होती. गुरूचे आयो, युरोपा व गॅनिमिड हे चंद्र साधारण १:२:४ अशा कालप्रमाणात फिरतात. त्यांच्या गतींचा परस्परसंबंध लाप्लासने दाखविला होता. तोच संबंध केतकरांनी बाह्य ग्रहांना लावून पाहिला आणि फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत इ.स. १९११मध्ये दोन अज्ञात ग्रहांचे भाकीत प्रसिद्ध केले. त्यांना ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली. ब्रह्माचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे, असे त्यांचे गणित होते.

अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना १८ फेब्रुवारी, इ.स. १९३० रोजी प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.४८ पट व प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे आहे. शोध जाहीर झाल्यावर पाचच महिन्यांनी केतकरांचे निधन झाले.

या साम्यावरून केतकरांना प्लूटोचे खरे शोधक म्हणणे अभिमानाचे वाटले तरी यथार्थ नाही. ग्रह आकाशात नेमका कोठे दिसेल हे त्यांनी सांगितले नव्हते. शिवाय प्लूटो नेपच्यूनशी २:३ प्रमाणात बांधलेला असला, तरी युरेनस त्या साखळीत नाही. म्हणजे आकडे जुळले, गृहीतक नव्हे. पर्सिव्हल लॉवेल यांचे गणितही याहून भक्कम ठरले नाही. इ.स. १९७८मध्ये शॅरन हा उपग्रह सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाइतकेच असल्याचे कळले. एवढ्या लहान गोलाने युरेनसची गती विचलित होणे शक्य नव्हते. इ.स. २००६पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. केतकरांचा विष्णू अद्याप सापडलेला नाही.