एलियास फ्रीस : भूछत्रांचा नामकर्ता

केदारखेड्याच्या शिवारांत पाऊस स्थिरावला म्हणजे वाळलेल्या खोडांवर व कुजत्या बुंध्यांवर भूछत्रें उगवतात. त्यांस कुत्र्याच्या छत्र्या म्हणून आपण पायानें उडवून देतों. परंतु याच तुच्छ वस्तूच्या अभ्यासांत स्वीडन देशांतील एका धर्मोपदेशकाच्या मुलानें आपलें आयुष्य वेंचलें. त्याचें नांव एलियास मॅग्नस फ्रीस.

त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७९४ रोजीं फेमशो या खेड्यांत झाला. वडिलांस वनस्पतींची आवड असून त्यांनीं मुलास लहानपणींच लॅटिन भाषा शिकविली. १८०६ सालीं तो आईबरोबर एका जळालेल्या अरण्यांत स्ट्रॉबेरीचीं फळें वेंचावयास गेला असतां त्यास एक विलक्षण भूछत्र आढळलें. पोंवळ्यासारख्या त्याच्या शाखा होत्या व त्यांस खालीं कांटे लोंबत होते. हेरिसियम कोरॅलॉइडीस नांवाची ही जाति लांकूड कुजविणारी आहे. त्या दिवसापासून मुलास एकच ध्यास लागला. ग्रंथ तुटपुंजे होते. म्हणून तो दिसेल त्या भूछत्रास स्वतःच नांव देऊं लागला. १८११ सालीं तो लुंड येथील विद्यापीठांत गेला, तेव्हां त्यास तीनशेंहून अधिक जाति ओळखतां येत होत्या!

त्याची पद्धति साधी होती. भूछत्राच्या खालच्या अंगास पडदे आहेत, छिद्रें आहेत कीं कांटे आहेत, हें तो प्रथम पाही. नंतर त्याच्या सूक्ष्म बीजुकांचा रंग पाही. टोपी रात्रभर कागदावर ठेविली म्हणजे हा रंग सहज कळतो. या पायावर त्यानें १८२१ ते १८३२ या काळांत 'सिस्टेमा मायकोलॉजिकम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत स्वीकारलेल्या नांवांस शास्त्रज्ञ आजही विशेष मान देतात. पुढें तो उप्साला येथें प्राध्यापक झाला व ८ फेब्रुवारी १८७८ रोजीं तेथेंच निवर्तला.

सूक्ष्मदर्शक यंत्रानें व अलीकडील आनुवंशिक परीक्षेनें त्याचे कित्येक वर्ग मोडले, कारण बाह्य रूप सारखें असलें तरी नातें असतेंच असें नाहीं. तथापि पाया त्याचाच राहिला.

आपणांस दिसतें तें भूछत्र केवळ फळ होय. खरें शरीर लांकडाच्या आंत तंतुरूपानें पसरलेलें असतें. कांहीं जातींच्या योगानें लांकूड पांढरें व तंतुमय होतें, तर कांहींच्या योगानें तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडतात. हे जीव नसते तर पडलेले वृक्ष मातीस मिळते ना, आणि अरण्यें आपल्याच लांकडाखालीं गुदमरलीं असतीं.

विद्यार्थिमित्रहो, भूछत्र दिसल्यास तें तोंडांत कदापि घालूं नका, कारण विषारी जाति दिसण्यांत निरुपद्रवी असूं शकते. मात्र तें उलटून अवश्य पाहा. ईश्वराच्या सृष्टींत क्षुद्र असें कांहींच नाहीं, हें त्या बारा वर्षांच्या मुलानें ओळखलें, आपणही ओळखावें.