लूथराच्या घरचा नाताळ

मार्टिन लूथर हा धर्मसुधारक म्हणून आपणां सर्वांस ठाऊक आहे. नाताळनिमित्त आम्ही त्याच्या घरांत डोकावतों. १५२५ सालीं या माजी संन्याशानें मठ सोडून आलेल्या कातारिना फॉन बोरा हिच्याशीं लग्न केलें, आणि विटेनबर्ग येथील जुना मठ हेंच त्यांचें घर झालें. सहा लेंकरें झालीं. विद्यार्थी व पाहुणे यांचीही पंगत बसे. लूथराचा हात सढळ, म्हणून पैका, गुरें व मळा कातारिनाच सांभाळी. मुलांच्या नाताळासाठीं त्यानें एक गीत रचलें असें सांगतात. तें १५३५ सालीं छापलें गेलें.

तान्ही एलिझाबेथ १५२८ सालीं वारली होती. १५४२ च्या सप्टेंबरांत तेरा वर्षांची माग्दालेना बापाच्या हातांत निवर्तली. देवाचे आभार मानावयास पाहिजेत हें कळूनही मन आवरत नाहीं, असें त्यानें स्नेह्यास लिहिलें. आमच्या मतें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे. त्याच नाताळांत थोरला हान्स टोर्गावच्या शाळेंत घरासाठीं झुरत होता. धीर धरून अभ्यास करावा, असें बापानें लिहिलें. आणि फारच आजारी असल्यास कळवावें, हा आईचा निरोपही त्यांत घातला.