रियासतकार गो. स. सरदेसाई : टिपणांतून सापडलेली वाट

बडोद्याच्या मराठी घरांतील जुन्या कपाटांत ‘मराठी रियासत’चा एखादा तरी खंड सापडतो. हा ग्रंथ लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई इतिहासकार व्हायचे ठरवून बडोद्याला आले नव्हते. ते आले नोकरीसाठी.

१७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. बी. ए. झाल्यावर १८८९ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि पुढे राजपुत्रांना शिकवणे, हे त्यांचे काम. वेळ महाराजांच्या मर्जीचा, वाचनाचे विषयही त्यांच्याच आवडीचे. अशा नोकरीत माणूस सहज नुसता हुजऱ्या होऊन राहतो.

सरदेसायांपाशी राजवाड्यांसारखी धडाडी नव्हती, वक्तृत्वही नव्हते. पण वाचलेले नीट टिपून ठेवण्याची, विस्कटलेले ओळीने लावण्याची चिकाटी मात्र उपजत होती. तिलाच त्यांनी खतपाणी घातले. राजपुत्रांना शिकवण्यासाठी काढलेली टिपणे वाढत गेली आणि त्यांतूनच १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ छापून निघाली. पुढे ‘मराठी रियासत’चे खंड येऊ लागले. लेखन चाले ते नोकरी, दौरे आणि महाराजांबरोबरचे युरोपचे प्रवास सांभाळून, उरलेल्या वेळात. मूळ कागद धुंडाळणाऱ्या काही अभ्यासकांना हे काम केवळ संकलनाचे वाटे. सरदेसाई नव्या साधनांप्रमाणे आपले लेखन सुधारत राहिले.

१९२५ च्या सुमारास ते निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांचा कर्तबगार मुलगा श्यामकांत ऐन तारुण्यात गेला. साठीच्या माणसाने इथेच हात टेकले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. ते कामशेतला जाऊन राहिले आणि पुन्हा कागदांत शिरले.

आयुष्यभर जोपासलेल्या गुणाची खरी परीक्षा यानंतर झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल पडून होते. त्यांतून निवड करून छापण्याचे काम मित्र जदुनाथ सरकार यांच्या पुढाकाराने सरदेसायांकडे आले. १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीतून तीन खंडांत लिहिला. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलांना आपण गाण्याच्या, चित्रकलेच्या, नाटकाच्या वर्गाला घालतो. तिथे न चमकणारा, पण वहीत सारे नीट लिहून ठेवणारा एखादा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर त्या वहीकडेही लक्ष असू द्यावे. सरदेसायांची सुरुवात अशाच वह्यांतून झाली होती.