विश्लेषण : पहिल्याच लोकसभा निवडणुकीत डॉ. आंबेडकर मुंबईतून का हरले?

राज्यघटना लागू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत लोकसभेसाठी मतदान झाले आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याच शहरात पराभूत झाले. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना सुमारे १ लाख ३८ हजार मते मिळाली, तर आंबेडकरांना १ लाख २३ हजार ५७६. ठाकूरद्वार ते दादर या पट्ट्यात आजही या पराभवाचा विषय निघतो. तेव्हा काँग्रेसची लाट होती हे खरेच, पण निकालाचे अर्धे उत्तर मतपेटीत दडलेले आहे.

त्याआधीच्या निवडणुका कशा होत्या?

परळच्या बीआयटी चाळीत सुमारे दोन दशके काढलेल्या आंबेडकरांना गिरणगाव परका नव्हता. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये भायखळा-परळमधून मुंबई विधानसभा लढवली. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले ते पाळवणकर बाळू यांना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे हे डावखुरे फिरकी गोलंदाज दलित समाजातलेच, आणि त्यांचीही लोकप्रियता मोठी. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

त्या निवडणुकीतली एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. मुंबई प्रांतात तेव्हा एकापेक्षा अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत. अल्पसंख्य पण एकजूट असलेल्या समाजाला हा मोठा आधार होता. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडावी लागलेल्या आंबेडकरांना तो विशेष मोलाचा होता, कारण संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवर कोण निवडून येणार हे बहुतांशी इतरांच्या मतांवर ठरते.

१९४६ मध्ये त्यांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबईतून संविधान सभेत जाण्याची वाट उरली नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीने ती जागाही गेली. मग बॅ. मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, काँग्रेसच्याच पाठिंब्याने, १९४७ च्या जुलैत ते मुंबईतून परतले.

१९५२ चे गणित काय होते?

हिंदू कोड बिल रखडल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हाताशी थोडेच महिने होते आणि प्रकृती ढासळलेली होती. फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. देशात असे ८६ मतदारसंघ होते. युतीतर्फे सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी आंबेडकर उभे राहिले. कम्युनिस्टांकडून कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते.

मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर जास्तीचे मत बाद! म्हणजे १९३७ ची सवलत आता गेली होती. ती काढणारा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या जुलैत झाला, तेव्हा कायदामंत्री स्वतः आंबेडकरच होते.

आता राखीव जागेचा निकाल सगळ्या मतदारांच्या दुसऱ्या मतपत्रिकेवर अवलंबून राहिला. काँग्रेसच्या मतदाराने एक मत विठ्ठल बाळकृष्ण गांधींना आणि दुसरे काजरोळकरांना दिले, की काम झाले. विरोधकांची मते मात्र फुटली. त्यात सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. डांगे यांच्या बाजूने दुसरे मत कुजवण्याचा प्रचार झाला, असा आरोप करत आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. निकाल कायम राहिला. सगळा दोष डांग्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकणाऱ्या पक्षासमोर सुमारे १५ हजारांचे अंतर कमी भरते, हेही लक्षात घ्यायला हवे. फेडरेशनचे दोनच खासदार निवडून आले. त्यातले एक सोलापूरचे पां. ना. राजभोज. तिथली दुसरी जागा शेकापचे शंकरराव मोरे यांनी जिंकली. दुसरे मत कुठून तरी यावे लागते, ते असे.

भंडाऱ्यात काय झाले?

एप्रिल १९५२ मध्ये आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. लोकसभेची ओढ मात्र होतीच. मे १९५४ मध्ये ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उतरले. मतदारसंघ पुन्हा दुहेरी, सोबतीला पुन्हा अशोक मेहता. आपल्या लोकांनी दुसरे मत वायाच घालवावे, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असा सल्ला त्यांना काही कार्यकर्त्यांनी दिल्याच्या आठवणी आहेत. त्यांनी तो साफ नाकारला. मेहता निवडून आले. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ८,३८१ मतांनी हरले.

पुढची सार्वत्रिक निवडणूक त्यांना पाहता आली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते राज्यसभेचेच सदस्य होते. दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. पण त्याआधी, १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघातून दोघे लोकसभेवर गेले. राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने आणि सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे.